फळ्यांचा ओटा

तेजश्रीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मुक्ताबाईच्या घरात सालं अशीच लक्षात राहतात. दिपकला पुण्याच्या कंपनीत घेतलं ते साल, घरावर पत्रे चढले ते साल, म्हैस कालव्यात पडली आणि सगळ्या वस्तीनं मिळून काढली ते साल. तर नातीच्या लग्नाच्या साली, लग्नाला दोन-अडीच महिने राहिले असताना, मुक्ताबाईच्या दारातला ओटा जळाला.

हा ओटा दगडाचा नव्हता, लाकडाचा होता. श्रीपूरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला ही वस्ती आहे. जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत जावं. मुक्ताबाईच्या नवऱ्यानं, हरिदासनं, तरुणपणी दोनदा दगडी ओटा बांधून बघितला. दोन्ही वेळा मातीनं तो मधोमध फोडला. हरिदास कारखान्याच्या गाडीतळावर सुतार होता. ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या दुरुस्त करायचा. पुढं लोखंडी टायरगाड्या आल्या आणि जुन्या लाकडी गाड्या सरपणाच्या भावानं जायला लागल्या. हरिदासनं त्यांतल्या धडक्या फळ्या आणि दांड्या निवडून निवडून घरी आणल्या. सगळी बाभळ, उसाच्या रसानं काळी पडलेली, खिळा ठोकताना घाम काढणारी. तिचा त्यानं ओटा केला. पावसाचं पाणी थांबू नये म्हणून दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली.

आणि उंच केला. चांगला छातीएवढा उंच, चढायला पायऱ्या. त्यालाही कारण होतं. हरिदासचा बाप दारात बसलेला असायचा आणि समोरच्या मळ्याच्या मालकाची गाडी रस्त्यानं आली की उठून उभा राहायचा. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा. हातातली भाकरी हातात. हरिदासनं पोरवयात हे रोज बघितलं होतं. म्हणून ओटा बांधताना त्यानं त्या मालकाच्या मुलाच्या, मळेवाल्या धोंडीरामच्या ट्रॅक्टरची सीट नजरेनं मापली. ओट्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचे डोळे एका रेषेत येतील अशा बेतानं फळ्या ठोकल्या.

पहिल्याच दिवशी धोंडीरामनं ट्रॅक्टर थांबवून विचारलं होतं, "हरिदास, एवढा उंच कशाला रं? पूर येनार हाय का?"

"पूर येऊन गेला की," हरिदास वरून म्हणाला. "आता निवांत बसायचं हाय."

धोंडीराम समजून हसला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सवय मोडायला वेळ लागला.

ओट्याचा वरचा भाग हरिदासचा आणि खालचा मुक्ताबाईचा. घरात गॅस आला तरी भाकरी चुलीवरचीच, म्हणून गोवऱ्या लागायच्या. त्या पावसात भिजू नयेत म्हणून ओट्याखाली रचलेल्या. त्यांच्या बाजूला म्हशीखाली अंथरायला उसाचं वाळलेलं पाचट. कोपऱ्यात खुराडं. एवढी कोरडी, झाकलेली जागा रिकामी ठेवायची हे त्या वस्तीत कुठल्याच बाईला पटलं नसतं.

तेजश्री म्हणजे मुक्ताबाईच्या मुलाची, दिपकची मुलगी. तिचं बार्शीच्या रत्नदीपशी जमलं. दिपकचं म्हणणं, मोहोळात हायवेला हॉल बघू, सगळ्यांना सोयीचं. हरिदासनं मान हलवली नाही.

"लगीन ओट्यावर," तो म्हणाला.

"आबा, दोनशे माणूस येईल. ओट्यावर नवरा-नवरी बसतील, बाकीची कुटं बसायची?"

"खाली. वर बघत बसतील."

तेजश्री आजोबाच्या बाजूची. ती म्हणाली, "पुण्यात याला डेक म्हणतात पप्पा. लोक भाडं देऊन फोटो काढतात असल्या जागेवर." झालं. बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार ठरला, आणि जागा ओटा.

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गळीत संपायला, आला होता. रस्त्यापलीकडचा धोंडीरामचा ऊस तुटून गेला आणि रानात गुडघाभर पाचट पसरून राहिलं. आता शेती धोंडीरामचा मुलगा पृथ्वीराज बघत होता. दुपारी तो दोन गडी घेऊन बांधावर आला आणि खिशातून काडीपेटी काढली. मुक्ताबाईनं ते ओट्यावरून बघितलं आणि तशीच रस्ता ओलांडून गेली.

"पृथ्वी, वारं बघ की आज कसलं सुटलंय."

"आजी, वारं रोजच हाय."

"सांजचं पडतंय. सांजचं पेटव."

"सांजच्याला कालव्याचं पाणी हाय माझ्या पाळीला. पाचटातनं पाणी कसं न्यायचं? आन दरसाल पेटवतोय आमी. काय झालंय का आजपातूर?"

"आजपातूर वारं माझ्या घराकडं नव्हतं."

"मधी डांबरी रस्ता हाय की! जाळ काय यष्टीत बसून येतोय का तिकडं?"

गडी हसले. मुक्ताबाई हसली नाही. ती माघारी आली आणि कामाला लागली. म्हैस सोडून कालव्याच्या अंगाला बांधली. दोरीवरची धुणी काढली. गोठा पाचटानं शाकारलेला होता, त्यावर पोती भिजवून टाकली. शेजारची राजाबाई दोन घागरी घेऊन आली. हरिदास हातात खराटा घेऊन ओट्यावर उभा राहिला. सगळ्यांची नजर गोठ्यावर. पेटला तर गोठाच पेटणार, यात कुणाला शंका नव्हती.

जाळ रस्त्यापर्यंत आला आणि थांबला. पृथ्वीराजचं तेवढं खरं होतं. पण मग रानात वावटळ उठली. गरगरत ती जळत्या पाचटातनं गेली आणि पातीच्या पाती उचलून वर घेऊन आली. काळी पडलेली पाती, कडेला लाल धग. ती रस्त्यावरून आली, विजेच्या तारेवरून आली. पत्र्यावर पडली आणि विझली. गोठ्यावरच्या ओल्या पोत्यांवर चुरचुरली. एक पातं राजाबाईच्या केसांत अडकलं, ते मुक्ताबाईनं चिमटीत चुरगाळलं. ओट्यावर पडलेली हरिदास खराट्यानं झाडत होता. ओटा तो आरशासारखा ठेवायचा, त्यावर राख त्याला सहन होत नव्हती. झाड-झाड झाडला. बरीचशी पाती कडेवरून खाली गेली, आणि काही फटीतून.

फटीकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

जाळ बसला. गोठा शाबूत, पत्रे शाबूत. मुक्ताबाईनं चहा ठेवला आणि तिघं ओट्यावरच बसून प्यायला लागली. राजाबाईनं नाक वर केलं.

"मुक्ता, चूल पेटवलीस का गं?"

"न्हाय. च्या गॅसवर केला की."

तेवढ्यात खालनं कोंबड्या ओरडत बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग फटीफटीतून धूर वर आला, आधी पांढरा, मग पिवळा. हरिदासनं वाकून एक फळी उपटली. तीच चूक झाली. आत नुसता धुमसत असलेला ढीग वारा लागल्यावर भडकला आणि जाळ फळीच्या जागेतनं वर आला. गोवरी एकदा आतून पेटली की घागरीनं विझत नाही. वस्ती धावली, कालव्यापासून बादल्यांची रांग लागली. कारखान्याचा टँकर आला तोवर ओट्याचे खांब तेवढे उभे होते, चुलीतल्या लाकडासारखे. घराची चौकट काळी पडली, घर वाचलं. मुक्ताबाईनं हरिदासला हाताला धरून मागं ओढलं होतं. त्याच्या भुवया गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पृथ्वीराज आला. बरोबर धोंडीराम, काठी टेकत. पृथ्वीराज राखेपाशी उकिडवा बसला, काडीनं उकरून बघितलं आणि बापाला दाखवलं.

"बघा आण्णा. गोवऱ्या. पाचट. पेट्रोलपंपावानी साठा करून ठेवलाय खाली. आन नाव माझं हुतंय गावात." मग मुक्ताबाईकडं वळून, "आजी, तुमीच सांगा, गोवऱ्या कुणाच्या?"

वस्तीतली माणसं जमली होती. दिपक रात्रीच पुण्याहून आला होता. तो काही बोलणार तोच मुक्ताबाई पुढं झाली.

"माझ्या. गोवऱ्या माझ्या, पाचट माझं, खुराडं माझं. ठेवू ने तितं ठेवलं, त्येबी माझंच. आता तू सांग. इस्तू कुणाचा?"

पृथ्वीराजनं हातातली काडी राखेत टाकली.

"सांग की. इस्तू कुणाचा? मी तुज्या रानात येऊन सांगितलं का न्हाय, वारं बघ म्हणून?"

"वाऱ्याला मी काय करू?"

"वाऱ्याला कुणी काय करत न्हाय. काडी तुज्या खिशात हुती."

धोंडीराम मध्ये पडला. "मुक्ताबाई, झालं ते झालं. सिमेंटचा ओटा करून देतो. वर फरशी. जळायचं नाव न्हाय."

"व्हय," पृथ्वीराज म्हणाला. "आन एवढा उंच कशाला? दोन पायऱ्यांचा पुरं. लगीन पायजे तर आमच्या अंगणात करा. मांडव आमचा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण "एवढा उंच कशाला" म्हणाल्यावर हरिदासनं मान वर केली. कालपासून तो एक शब्द बोलला नव्हता. त्यानं बायकोकडं बघितलं.

मुक्ताबाई म्हणाली, "वटा आमचा आमी बांधू. लाकडाचाच, आन तेवढाच उंच. मांडवबी आमचा. तू एक कर. तुजा इस्तू तुज्यापाशी ठिव. मागचं रान तुटायचंय तुजं. ते पेटवायचं न्हाय."

"माझं रान हाय आजी. मी पेटवीन."

"बरं."

"काय बरं?"

"बरं म्हणजे बरं. पेटव की."

मागचं रान वस्तीला लागूनच होतं, मधी रस्तासुद्धा नाही. आठवड्याभरात ते तुटलं. तोडीवाली माणसं शेवटची मोळी बांधून गावाला गेली. पृथ्वीराज दुसऱ्या दिवशी काडीपेटी घेऊन रानात आला तर मधोमध मुक्ताबाई बसलेली.

ती जमिनीवर बसली नव्हती. जळक्या ओट्याची एक अर्धी फळी राहिली होती. ती तिनं आणि हरिदासनं दोन्ही टोकांना धरून आणली आणि चार दगडांवर मांडली. तिच्यावर मुक्ताबाई बसली होती आणि तेजश्रीसाठी वाकळ शिवत होती. लग्नात लेकीला वाकळ द्यायची रीत, आणि जुन्या लुगड्यांचे थर जुळवायला वेळ लागतो. आजूबाजूला पाचट पसरलेलं, मध्ये लाल-हिरव्या चिंध्यांचा ढीग.

"आजी, हितं कुटं?"

"शिवाया बसलीय. घरापुढं बसायला जागा न्हाय माझ्या. जळाली."

"उठा. मला काम हाय."

"मलाबी हाय की. दिसंना का?"

पृथ्वीराज काडीपेटी खिशात टाकून गेला. दुसऱ्या दिवशी आला तर राजाबाई पण होती, सुई घेऊन. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायका. वाकळ चारी बाजूंनी शिवली जात होती, गप्पा चालल्या होत्या, डबे उघडले होते. कुणीतरी ओव्यांच्या चालीवर पृथ्वीराजच्या काडीपेटीचं गाणं रचलं होतं आणि तो बांधावर दिसला की ते जोरात म्हटलं जायचं. ऊन डोक्यावर आलं की मुक्ताबाई पदर ओढून घ्यायची, पण उठत नव्हती. दिपकनं फोनवर सांगितलं, "आई, ऊन लागंल. पोलीस बोलावतील ती." ती म्हणाली, "बोलव म्हणावं. त्यास्नीबी टाके घालाया लावते."

पृथ्वीराजनं पोलीस बोलावले नाहीत. ज्या बायका आपल्याच रानात खुरपायला येतात, त्यांच्यावर पोलीस बोलावून पुढच्या वर्षी खुरपायला कोण येणार, हे त्याला कळत होतं. पण त्याची पाण्याची पाळी जवळ आली होती आणि तुटल्या उसाच्या फुटव्याला पाणी मिळालं नाही तर खोडवा, म्हणजे पुढच्या साली त्याच बुडख्यांवर येणारा ऊस, बसणार होता. शेवटी त्यानं बापाला आणलं.

धोंडीराम ट्रॅक्टरवरून उतरला. बायकांचं गाणं थांबलं. तो पाचटातून पाय उचलत आला आणि फळीसमोर जमिनीवरच बसला, कारण त्याला फार वेळ उभं राहता येत नव्हतं. मुक्ताबाई त्याच्यापेक्षा वर होती. दोघांच्याही ते ध्यानात आलं.

"मुक्ताबाई, उठा की आता. लई झालं."

मुक्ताबाईनं दोरा दातानं तोडला. "आण्णा, आमचा सासरा लई वर्सं उठत हुता. तुमच्या बापाची गाडी आली की उठायचा. माझ्या वाटणीचं उठणंबी त्यो उठून गेलाय."

धोंडीरामनं जमिनीवरचं एक पातं उचललं. मग म्हणाला, "मी गाडीत असायचो. बापाच्या मांडीवर."

"ठाव हाय."

"मला वाटायचं, म्हातारा माझ्यासाठी उठतोय. लई आनंद व्हायचा मला."

धोंडीरामनं मुलाकडं हात केला. "पृथ्वी, काडी दे हिकडं."

पृथ्वीराजनं काडीपेटी दिली. बापानं बिडी काढली, हातात फिरवली, आजूबाजूचं पाचट बघितलं, बिडी परत खिशात ठेवली आणि काडीपेटीही ठेवली. स्वतःच्या खिशात.

"आन पाणी कसं देऊ?" पृथ्वीराज चिडून म्हणाला. "सरीआड पाचट वढून ठेवावं तर माणसं कुटं हायत? तोडीवाली गेली. मला काय कळत न्हाय का? माणसंच न्हायती!"

मुक्ताबाईनं सुई चिंधीत टोचून ठेवली आणि बायकांकडं बघितलं. "मग ह्या काय बाहुल्या बसल्याती व्हय?"

बायका हसल्या. पृथ्वीराजही, नको नको म्हणत, हसला.

"रोजगार द्यायचा," मुक्ताबाई म्हणाली. "गाण्याचा राग काढून कमी द्यायचा न्हाय."

दुपारीच काम सुरू झालं. एका सरीतलं पाचट ओढून शेजारच्या सरीत दाबायचं, म्हणजे एक सरी भरलेली आणि एक पाण्याला मोकळी. मुक्ताबाई फळीवरून उठली ती स्वतःच्या कामाला उठली. पाळीचं पाणी आलं तेव्हा मोकळ्या सऱ्यांतून ते सरळ गेलं.

ओट्याला लाकूड मात्र मिळेना. हरिदासनं सगळे अड्डे पालथे घातले. लाकडी गाड्या आता राहिल्याच नव्हत्या. तेव्हा धोंडीरामचा निरोप आला, आमच्या गोठ्यामागं बापाची गाडी पडून हाय, बघा. हरिदास आणि मुक्ताबाई दोघं गेली. गाडी धुळीनं भरलेली, एक चाक निखळलेलं. लाकूड सागवान, किडीला दाद न दिलेलं. हरिदासनं साटीच्या, गाडीच्या बैठकीच्या फळ्यांवरून हात फिरवला. लांबून येणाऱ्या याच गाडीच्या घुंगरांवर त्याचा बाप उठायचा.

"नको असंल तर ऱ्हाऊ द्या," मुक्ताबाई हळूच म्हणाली.

"नको कशापायी?" हरिदास म्हणाला. ओटा जळाल्यापासून त्याचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा निघाला. "धोंडीराम, फुकट देत असशील तर ठिव तुज्यापाशी. इकत दे."

"इकत घे, बाबा," धोंडीराम म्हणाला.

हरिदासनं गाडी तिथंच सुटी केली. दिपक रजा काढून आला आणि बापाच्या हाताखाली राबला. जुन्या बाभळीचे खांब तासून आत चांगले निघाले ते ठेवले, वर सागवानी फळ्या. उंची तेवढीच. धोंडीरामनं मुद्दाम ट्रॅक्टर आणून उभा केला आणि सीटवर बसून राहिला, माप नीट लागावं म्हणून. दिपकनं मोहोळहून बारीक जाळी आणली आणि ओट्याच्या खालच्या अंगाला चारी बाजूंनी ठोकली. आत जमीन उघडी, गवताची काडी नाही. गोवऱ्या आता घरापासून लांब, परड्यात पत्र्याखाली गेल्या. रोज सकाळी तिथवर चालताना मुक्ताबाई बडबडायची, गुडघ्यांच्या नावानं, वाऱ्याच्या नावानं आणि पृथ्वीराजच्या नावानं. पण ओट्याखाली तिनं परत काही ठेवलं नाही, आणि कुणाला ठेवू दिलं नाही. राजाबाई एकदा दोन पेंढ्या सरकवायला गेली तर दोघींचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

लग्न ओट्यावर झालं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत वर, दोनशे माणूस खाली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची वेळ आली तेव्हा हरिदास म्हणाला, "लावा. पण पोरीच्या मामानं बादली घेऊन हुबं ऱ्हायचं." मामा खरंच उभा राहिला. तो फोटोतही आला आहे, सुटाबुटात, हातात बादली. पृथ्वीराज पुढच्या रांगेत बसला होता, मान वर करून. त्रिशरण संपलं तेव्हा मुक्ताबाईनं वरून त्याला खूण केली, जेवून जा. तो जेवून गेला. वाकळ तेजश्री बार्शीला घेऊन गेली. तिच्या एका कोपऱ्याला पाचटाचं पातं शिवलं गेलं आहे, अजून टोचतं म्हणते.

पुढच्या गळीताला धोंडीरामच्या रानात जाळ लागला नाही. दुसऱ्यांच्या रानांत लागतो. दुपारी वारा सुटला की आजही लांबून जळकी पाती येतात आणि ओट्यावर पडतात. मुक्ताबाई आधी पाणी शिंपडते, मग झाडते, आणि झाडून झालं की खाली वाकून जाळीतून बघते. पेटवणाऱ्याच्या घरीही जाते. दोघांनी ऐकलं आहे, एकानं कुत्रं सोडलं. त्याच्या रानातही फळी नेऊन ठेवायचा तिचा विचार आहे.

हरिदास दोन हजार चोवीस साली, फेब्रुवारीच्या सोळा तारखेला दुपारी, ओट्यावर बसल्या जागी वारला. हे एक साल मुक्ताबाईला तारखेसकट लक्षात आहे.